तुमच्याकडचे ‘लिबरल’ कुठल्या बाजूला बसतात?

अमेरिकी चर्चा ऐकून ऐकून लिबरल म्हणजे डावा आणि कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे उजवा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तुम्ही राहता त्या देशात ही बिरुदं कोण मिरवतं? व्याख्या शोधल्या की सापडतात, पाहिलेलं-ऐकलेलं लिहा. पक्षप्रचार नको, तेवढं सांभाळा.

सिडनीकर
इथे मतदान सक्तीचं, दांडी मारली तर दंड. केंद्राच्या फाटकाशी निळ्या टी-शर्टातले कार्यकर्ते गाठतात आणि पसंतीक्रम कसा लिहायचा याचा कागद हातात कोंबतात. हे लिबरल! रॉबर्ट मेन्झीजनी १९४४ साली उभा केलेला पक्ष, आणि मेन्झीज तर ब्रिटिश राजघराण्याचे पक्के निष्ठावंत. कर कमी करा, कामगार संघटनांना वेसण घाला, हा नेहमीचा सूर. आमच्या शेजारच्या आजी आयुष्यभर लिबरलांना मत देत आल्यात आणि ‘अमेरिकेतल्या लिबरलांनी देश बुडवला’ असंही ठणकावून सांगतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही. नाहीच आहे म्हणा.

ऱ्हाईनकाठचा
जर्मनीत उदारमतवादी म्हणजे एफडीपी (फ्री डेमोक्रॅटिक पार्टी), रंग पिवळा. ऑटोबानवर सरसकट वेगमर्यादा नको, सरकारने कर्ज काढू नये, धंद्यात लुडबुड करू नये. माझा एक सहकारी यांचा हक्काचा मतदार. गांजा कायदेशीर झाला तेव्हा खूश होता. बेकार भत्ता वाढवायचं नुसतं म्हटलं तरी लालबुंद होतो. २०२१ मध्ये हे लोक समाजवादी आणि ग्रीन पक्षाबरोबर सत्तेत बसले. २०२४ च्या नोव्हेंबरात पैशांवरूनच फाटलं, आणि २०२५ च्या निवडणुकीत पाच टक्केही मतं न मिळाल्याने थेट संसदेबाहेर.

ओसाकावाली
आमच्याकडे तर कमाल आहे. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५ पासून मधली थोडी वर्षं सोडली तर कायम सत्तेत, आणि आहे चांगला परंपरावादी. इथल्या कायद्याने जपानी नवरा-बायकोचं आडनाव एकच लागतं. कोणाचंही चालतं, पण बदलते बहुतेक वेळा बायकोच. माझ्या टीममधली एक जण ऑफिसात माहेरच्या आडनावाने वावरते, पासपोर्टवर सासरचं. परदेश दौरा ठरला की परिषदेचा बिल्ला एका नावाचा, विमानाचं तिकीट दुसऱ्या, आणि दोन्ही मीच हे पटवून देण्यात तिची सकाळ जाते. वेगवेगळी आडनावं ठेवू द्या, ही मागणी वर्षानुवर्षं अडवून धरणारे बहुतेक खासदार याच ‘लिबरल’ पक्षातले.

कोपनहेगन, घाईत
डेन्मार्कमधल्या वेन्स्ट्रे पक्षाच्या नावाचा अर्थच ‘डावे’. पक्ष मूळचा शेतकऱ्यांचा, आज उजवीकडचा. बाकी नंतर.

लंडनहून
कॉन्झर्वेटिव्हांचीही तीच तऱ्हा. समलिंगी विवाहाचा कायदा २०१३ मध्ये कॅमेरून पंतप्रधान असताना झाला. मतदानात त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे विरोधातले खासदार बाजूच्यांपेक्षा जास्त निघाले, तरी रेटला. सरकारी खर्चाने चालणारी आरोग्यसेवा बंद करू, असं तर इथला एकही कॉन्झर्वेटिव्ह नेता प्रचारात बोलायचा नाही.

जुना वाचक
एवढं लांब कशाला? १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा, मुलींचं शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय वाढवणारं. आगरकर बाजूने, टिळक विरोधात. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा. म्हणजे राजकारणात जहाल तो समाजसुधारणेत सनातन्यांच्या शेजारी, आणि इंग्रजांपुढे अर्ज-विनंत्या करणारे रानडे सुधारकांत. राज्यकर्त्यांशी कसं वागायचं आणि घरात काय बदलायचं, या दोन फुटपट्ट्या वेगळ्या. कराची तर तिसरीच.

ओहायो
आता मूळ गुन्हेगाराकडून. इथला लिबरलचा आजचा अर्थ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डीलने, म्हणजे मंदीतल्या सरकारी मदतीच्या योजनांनी, १९३० च्या दशकात रुजवला. आमच्या कंपनीतले एक निवृत्त गृहस्थ लिबरल हा शब्द शिवीसारखा वापरतात. मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला, हात लावायचं कोणी काढलं, तर मात्र खासदाराच्या कार्यालयात पहिला फोन त्यांचाच.