शब्दचर्चा : ‘रोगप्रतिकारशक्ती’तली शक्ती आणि जांघेतलं अवधाण

अमळनेरचे मास्तर :
आठवीला विज्ञान शिकवतो. परवा एका पोराने विचारलं, “सर, रोगप्रतिकारशक्ती बरोबर की रोगप्रतिकारक शक्ती?” दोन्ही चालतं म्हणून मी सुटलो. तर त्याचा पुढचा प्रश्न, “आणि ती संपली की भरायची कशी?” जणू मोबाइलची बॅटरी. पोराची चूक नाही. ‘शक्ती’ म्हटलं की ती टॉनिकने वाढणार, काढ्याने भरणार असंच वाटतं. शब्दच फसवा आहे का? जाणकारांनी सांगावं.

चाळीसगावच्या संस्कृतच्या बाई :
आधी लिहिण्याचं. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणजे प्रतिकाराची शक्ती, समास, म्हणून जोडून. ‘प्रतिकारक शक्ती’त प्रतिकारक हे विशेषण, म्हणून तोडून. ‘रोगप्रतिबंधक’ मात्र निराळा, त्याची यात सरमिसळ नको.
आता तुमचा खरा प्रश्न. जुन्या वैद्यकात ‘शक्ती’ नव्हती. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द आहे. अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणी त्याचे दोन अर्थ सांगतो : आलेल्या रोगाचा जोर मोडणं, आणि रोग उत्पन्नच होऊ न देणं. यातला ‘क्षम्’ धातू सहन करण्याचा, ‘क्षमा’तलाच. आपण त्यातला सोसण्याचा भाग टाकून दिला आणि लढण्याचा तेवढा ठेवला.
उलट ‘इम्युनिटी’ ज्या लॅटिन शब्दावरून आली त्यात ना लढाई ना सहनशीलता. ‘इम्युनिस’ म्हणजे कर आणि सरकारी चाकरी माफ असलेला. इनामदारच म्हणा की!

साक्रीचा शेतकरी :
व्याकरण तुमचं तुम्ही बघा. आमच्या घरात हा शब्दच नव्हता. पायात बाभळीचा काटा मोडला आणि दोन दिवसांनी जांघेत गाठ आली की माय म्हणे, “गाठ उनी, काटा निंघना नही आजून.” बाजारपेठेच्या मराठीत तिला अवधाण म्हणतात. दुखणं पायात, गाठ जांघेत. हाताला लागलं तर गाठ काखेत. मायला शक्तीबिक्ती माहीत नव्हती, पण कुठली गाठ कुठल्या जखमेची हे बरोबर माहीत होतं.

जळगावचा लॅबवाला :
साक्रीच्या भाऊंनी चर्चा जागेवर आणली. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजतो, म्हणून जरा लांबण लावतो.
काटा घुसला की पहिल्यांदा तिथल्या तिथे काय होतं? लाली, उष्णता, सूज, ठणका. रक्तवाहिन्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतू गिळायला लागतात. त्यांना भक्षकपेशी म्हणतात, आणि त्यांचा शोधही काट्यावरच लागला. 1882 साली इटलीतल्या मेसिना गावी जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. 1908 चं नोबेल त्यांना पॉल अर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं. आपण ‘जखम पिकली’ म्हणतो तेव्हा जो पू दिसतो, तो बराचसा या गिळून मेलेल्या पेशींचा.
आता जांघेतली गाठ. काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन लसिकावाहिनीतून, म्हणजे अंगातला पातळ द्राव वाहून नेणाऱ्या नळीतून, त्या भागाच्या गाठीत येतात आणि तिथल्या टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तो दाखवत सुटतात. शरीरात या पेशी असंख्य, पण प्रत्येकीला ओळखू येणारा आकार वेगळा. जिचा आकार जुळला, ती एकीच्या दोन, दोनाच्या चार होत वाढते. बी-पेशी या दुसऱ्या प्रकाराचंही तसंच, त्यातूनच प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी अँटिबॉडी, तयार होतात. म्हणून गाठ फुगते. सारा वेळ जातो तो ओळख पटवण्यात. नवा रोग असेल तर आठवडाभर लागू शकतो. ओळख पटलेल्यांतल्या काही पेशी मागे राहतात, म्हणून दुसऱ्या खेपेला काम लवकर होतं.
गोवराची गंमत वेगळी. तो स्वतः एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही, पण जाताना इतर रोगांच्या जुन्या ओळखी पुसून जातो, हे 2019 मध्ये पुढे आलं. शक्ती तीच, विसर पडलेला. मास्तर, तुमच्या पोराला हे सांगा.

धुळेकर :
अवधान म्हणजे आमची एमआयडीसी. तिथे गाठी फक्त कापसाच्या.

चाळीसगावच्या संस्कृतच्या बाई :
धुळेकर, गप्प बसा. ‘अवधाण’ आणि लक्ष या अर्थाचा ‘अवधान’ यांचं मूळ एक आहे असं मी म्हणणार नाही, नुसता कानाला भास आहे.
पण लॅबवाल्या भाऊंच्या ‘लसिका’वरून आठवलं. ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून, फोडातून पाझरणारा पातळ द्राव. खरचटल्यावर ‘लस वाहते’ म्हणतो ना, तीच. आणि देवी या रोगाची (स्मॉलपॉक्सची) लस पूर्वी खरोखर तशीच होती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्राव काढायचा आणि दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, हिंदुस्थानातली पहिली. औषध बाटलीत गेलं, नाव फोडातलं राहिलं. आणखी एक, ही लस टोचण्याला आपण देवी ‘घालणं’ नाही, देवी ‘काढणं’ म्हणत होतो. माझ्या दंडावर दोन वण आहेत. 1980 साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, त्यामुळे मास्तरांच्या पोरांना हा वाक्प्रचारच समजणार नाही.

अमळनेरचे मास्तर :
खरंच समजला नाही. ‘देवी काढली’ म्हटल्यावर एकाने विचारलं, चित्र काढलं का.
मग वावडं कुठे बसवायचं? माझ्या मेहुण्याला वांग्याचं वावडं. खान्देशात जन्मून भरीत नाही, काय त्याचं नशीब! अंगावर गांधी उठतात. घरचे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी.

जळगावचा लॅबवाला :
कमी कसली! ती कामाला लागली म्हणूनच गांधी उठल्या. निरुपद्रवी वांग्याला तिने शत्रू धरलं. पोटाला मानवत नाही त्यालाही लोक वावडंच म्हणतात, पण मेहुण्यांचं हे खरं ॲलर्जीचं दिसतं. आमवातात तर ती आपल्याच सांध्यांवर उठते. बाई, तुमची ‘क्षमा’ इथे लागते. आपल्या अंगाला सोसून घ्यायला शिकवणाऱ्या, बाकीच्यांना आवर घालणाऱ्या टी-पेशी असतात. 2025 चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच कामासाठी मिळालं. चरकाने हे सांगून ठेवलं होतं असा मेसेज मात्र कुणी फिरवू नका.

नंदुरबारची नर्सताई :
तुमचे शब्द छान, माझी अडचण रोजची. दीड महिन्याच्या बाळाला पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिली की रात्री अंग तापतं, सकाळी आई दारात. “ताई, लस बाधली.” मी ‘रोगप्रतिकारशक्ती तयार होत आहे’ असं पाठ केलेलं वाक्य म्हणायचे, ती नुसती बघत राहायची. आता म्हणते, “बाळाचं अंग रोगाची ओळख करून घेतंय, एखाद-दोन दिवस तापेल.” हे पटतं. बाळ अडीच महिन्यांचं झालं की पुढच्या डोसला येतात.
आणि साक्रीचे भाऊ, काटा नाही, जखम नाही, तरी मानेत किंवा काखेत गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर अवधाण म्हणून घरी शेकत बसू नका. दवाखान्यात दाखवा. टीबीच्या गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत.

साक्रीचा शेतकरी :
व्हय ताई. मायले सांगस.