मदत हवी आहे: तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर हंबकरसारखा जाड आवाज कसा काढावा?

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरकडचा, ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. गिटार एकच आहे. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी एकेक कॉइल: ब्रिजजवळ, मधे आणि नेकजवळ. पाच जागांचा सिलेक्टर (१ ब्रिज, ३ मधला, ५ नेक, २ आणि ४ वर शेजारच्या जोड्या), एक व्हॉल्यूम, दोन टोन. भावगीतं, कोळीगीतं, जुनी हिंदी गाणी यांना तिचा स्वच्छ आवाज इतका शोभतो की त्यात मला काहीही बदलायचं नाही.

अडचण येते ती कार्यक्रमाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. तेव्हा दणदणीत गाणी असतात. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटवणारा इफेक्ट) चढवला की आवाजाला अंगच उरत नाही, नुसता कानात टोचतो. आणि दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलत असतो तेव्हा माझ्या अँपमधून घूंऽऽ चालू. गणपतीला तीन आठवडे उरलेत आणि सलग नऊ कार्यक्रम आहेत. दुसरी गिटार घेणं आत्ता परवडत नाही, शिवाय टेम्पोत की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरमधून जागा उरते ती एकाच गिटारीपुरती.

हंबकर म्हणजे दोन कॉइलच असतात, मग माझ्याकडच्या तीनपैकी दोन जोडून तोच आवाज निघायला हवा, असा माझा हिशोब. पण सिलेक्टरच्या २ आणि ४ नंबरवर दोन-दोन पिकअप एकत्र येतात आणि तिथे आवाज एकट्या पिकअपपेक्षाही बारीक, नाकातून आल्यासारखा लागतो. खालचा सूर तर गायबच. दोन वर्षांपूर्वी मधला पिकअप मेला म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला होता. त्याआधी असं होत होतं का, ते आता नीट आठवत नाही.

लाकूड कोरायचं नाही. पहिल्या वर्षाच्या सुपाऱ्यांच्या पैशातून घेतलेली गिटार आहे. सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

खर्ज

ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा रेल हंबकर (दोन अरुंद कॉइल शेजारी असलेला पिकअप) बसवा. त्याच भोकात बसतो, कोरावं लागत नाही. चार वायरचा घेतलात तर एक कॉइल बंद करून सिंगलसारखाही वाजवता येतो. मी तेच केलं आणि सुखी आहे.

सहावी_तार

खर्ज, धन्यवाद. पण २ नंबरचा स्वच्छ आवाज मला ब्रिजच्या मूळ पिकअपसकट हवा आहे. आणि चांगला रेल घ्यायचा तर एका कार्यक्रमाची बिदागी त्यात जाते. आधी आहे त्यातून काही निघतं का ते बघतो.

डाखकाम

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि घरी गिटारींची वायरिंग करते. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका.

पिकअप दोन गोष्टी पकडतो. एक तारेचा आवाज, दुसरी आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. तारेचा सिग्नल सुलटा की उलटा, हे चुंबकाचं कोणतं टोक तारेकडे आहे आणि कॉइल कोणत्या दिशेने जोडली आहे, या दोन्हींवर ठरतं. गुणगुणीला मात्र चुंबकाशी काही देणंघेणं नाही. ती फक्त कॉइलच्या दिशेवर ठरते. हंबकरची सगळी युक्ती एवढीच: दुसऱ्या कॉइलचं चुंबकही उलटं आणि दिशाही उलटी. तारेचा आवाज दोनदा उलटून पुन्हा सुलटा होतो आणि मिळतो, गुणगुण एकदाच उलटते आणि कटते. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी याच पिकअपच्या पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये केला आणि ते १९५९ मध्ये मंजूर झालं.

आता तुमच्याकडे. २ आणि ४ नंबरवर आवाज बारीक होतो म्हणजे मधला पिकअप बाकीच्या दोघांशी उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे त्यांचे सिग्नल एकमेकांना खोडतात, हे जवळपास नक्की. नवा बसवताना हे तपासलं गेलं नसावं. मात्र उलटं नेमकं काय आहे, चुंबक की वायर, हे तुमच्या कानांनीच कळेल. अँपचा आवाज वाढवा, तारांना हात न लावता सिलेक्टर १ वरून २ वर न्या. घूं कमी होते की तेवढीच राहते? कमी झाली तर फक्त वायर उलट्या आहेत. तेवढीच राहिली तर फक्त चुंबक उलटं आहे, आणि तसं असेल तर तुमचं नशीब फार चांगलं आहे. का ते उत्तर आल्यावर सांगते.

आणखी एक. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो का? होत असेल तर ती हम, म्हणजे वर सांगितलेली गुणगुण नव्हे, बझ. ती शिल्डिंग (बाहेरची किरकिर अडवणारं धातूचं आवरण) कमी पडल्यामुळे येते. मंडपातल्या रोषणाईचे डिमर, एलईडीच्या माळा, लॅपटॉपचा चार्जर यांची किरकिर त्यात असते आणि कॉइल कशाही जोडल्या तरी ती पूर्ण जात नाही. तिला पिकगार्डच्या मागे आणि आतल्या खोबणीत तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी लागते. हम ओळखायची सोपी खूण: गिटार हातात धरून स्वतःभोवती सावकाश फिरा. एका दिशेला वाढली आणि एका दिशेला जवळजवळ मेली तर ती कॉइलमधली हम.

जुनं_लाकूड

ताईंचं उत्तर येईपर्यंत थोडं जुनं सांगतो, कारण तुमचा प्रश्न फार आधीपासून लोकांनी सोडवत आणला आहे. स्ट्रॅट १९५४ ची, पण तिला तीनच जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. ते इतकं रूढ झालं की १९७७ पासून फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. पण या जोड्या पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात. पॅरललने आवाज पातळ आणि चकचकीत होतो. तुम्हाला हवी आहे सिरीज, म्हणजे एका पिकअपचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात.

त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची रेड स्पेशल ही गिटार. १९६३ मध्ये त्यांनी वडिलांबरोबर घरीच ती करायला घेतली. तिच्यात बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सोनिक सिंगल कॉइल पिकअप सिरीजमध्ये आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंदचा एक आणि फेजचा एक असा वेगळा स्विच. क्वीनमधला तो भरलेला, गाणारा आवाज हंबकरचा नाही, तीन सिंगल कॉइलचा आहे! डॅनइलेक्ट्रोच्या लिपस्टिक पिकअपच्या जुन्या गिटारींतही दोन्ही पिकअप चालू केले की ते सिरीजमध्ये जातात. तुमची वाट बरोबर आहे.

सहावी_तार

डाखकाम ताई, तपासलं. १ वरून २ वर नेल्यावर घूं तेवढीच राहते, आवाज तेवढा बारीक होतो. तारांना हात लावल्यावर किंचित किरकिर कमी होते, पण मुख्य घूं तशीच. फिरून बघितलं, खिडकीकडे तोंड केल्यावर जवळजवळ बंद झाली. वीस वर्षं गिटार वाजवतोय, हे आज कळलं.

जॅकमध्ये केबल लावून मीटरने मोजलं, व्हॉल्यूम पूर्ण: ब्रिज ६.२ किलोओहम, मधला ५.९, नेक ५.८. २ नंबरवर ३.०६.

डाखकाम

म्हणजे चुंबक उलटं आहे आणि वायर बाकीच्यांसारख्याच जोडल्या आहेत. नशीब चांगलं म्हणाले ते यासाठी: अर्धं काम कारखान्यातच झालेलं आहे. मधल्या पिकअपच्या फक्त दोन वायरींची अदलाबदल करा. आवाज सुलटा होईल आणि त्याच क्षणी २ आणि ४ वरची हमही कटेल.

खात्रीसाठी पिकगार्ड उघडल्यावर मधला आणि ब्रिजचा पिकअप तोंडाला तोंड लावून बघा. ओढले गेले तर चुंबकं उलटसुलट आहेत, ढकलले गेले तर सारखी. तुमचे ओढले जायला हवेत. ढकलले गेले तर काहीही न कापता इथे परत या.

तुमच्या पिकअपवर प्लास्टिकचं कव्हर आहे, म्हणून वायरी बिनधास्त बदलता येतात. वाचणाऱ्या टेलिकास्टरवाल्यांनी मात्र जपावं. तिच्या नेक पिकअपचं धातूचं कव्हर ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं. वायरी उलटल्या किंवा तो पिकअप सिरीजमध्ये वरच्या बाजूला आला की कव्हरच सिग्नलवर जातं आणि बोट लागलं की घूं करतं. तिथे आधी तो जोड तोडून कव्हरला ग्राउंडची वेगळी तिसरी वायर द्यायची.

आता सिरीज. खालच्या टोनच्या जागी २५० केचा (किलोओहमचा) पुश-पुल पॉट घ्या, म्हणजे नॉब ओढला-दाबला की स्विचचंही काम करणारा. घेण्याआधी पिकगार्डखालची खोली मोजा. पुश-पुल उंच असतो आणि पातळ बॉडीत तळाला टेकतो. बसत नसेल तर पिकगार्डला छोटं भोक पाडून सहा पायांचा मिनी टॉगल लावा. तो पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. लाकडाला हात लागत नाही.

स्विचच्या तीन पायांची एकच रांग वापरायची आहे. मधल्या पिकअपची जी वायर आता ग्राउंडला जाते, म्हणजे अदलाबदलीनंतरची, ती तिथून सोडवून रांगेतल्या मधल्या पायाला जोडा. नॉब दाबलेला असताना मधल्या पायाशी जो पाय जोडलेला असतो तो ग्राउंडला. नॉब ओढल्यावर जो जोडला जातो तो सिलेक्टरच्या त्या पायाला, जिथे ब्रिजची गरम (सिग्नलची) वायर येते. कोणता पाय कोणता, हे मीटरच्या बीपने आधी पाहून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

नॉब दाबलेला असला की गिटार नेहमीसारखीच. ओढून सिलेक्टर ३ वर ठेवलात की मधला आणि ब्रिज सिरीजमध्ये, हम कटलेली. ओढलेल्या स्थितीत २ वर फक्त ब्रिज ऐकू येईल, कारण मधल्याची दोन्ही टोकं एकाच जागी येतात. त्याने घाबरू नका. ४ वर नेक आणि ही सिरीजची जोडी असं तिघांचं मिश्रण मिळेल. १ आणि ५ वर जे आहे तेच.

आवाजाबद्दल खरं तेच सांगते. स्ट्रॅटच्या एका कॉइलचं इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरलं तर केबलसकट तिचा चमकीचा डोंगर, म्हणजे जिथे ती सर्वांत जोरात वाजते ती जागा, ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सिरीजमध्ये इंडक्टन्स दुप्पट होतं आणि तो डोंगर ३ च्या खाली उतरतो. जाडपणा तिथून येतो, शिवाय सिग्नलही वाढतो. पण खऱ्या हंबकरच्या दोन कॉइल एकमेकींपासून पाऊण इंचही लांब नसतात आणि तुमच्या दोन-अडीच इंच लांब आहेत. त्या तारेच्या वेगळ्या जागा ऐकतात, काही सूर एकमेकांत कटतात. त्यामुळे हंबकरची ती गच्च छाती शंभर टक्के येणार नाही. ओव्हरड्राइव्हला लागणारं अंग मात्र येईल, आणि निवेदक बोलताना शांतता राहील.

एक विनंती, तुमच्या जिवासाठी. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग आहे का हे आधी बघून घ्या. घूं कमी होते म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. अर्थिंग नसेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो, आणि तो प्रत्येक वेळी सौम्यच असेल असं नाही.

सहावी_तार

ताई, काल रात्री बसलो.

पिकगार्ड उघडलं, दोन्ही पिकअप सुटे करून तोंडाला तोंड लावले, टपकन चिकटले. मधल्याच्या काळ्या-पांढऱ्या वायरींची अदलाबदल केली, बाकी कशालाही हात न लावता तारा चढवल्या आणि २ नंबर लावला. खालचा सूर परत आला. तो घंटेसारखा आवाज या गिटारीत होता, तो परत आला! आणि घूं नाही. बायको आतून विचारत आली की अँप बंद पडला का.

पुश-पुल माझ्या बॉडीत बसत नाही, तळाला टेकतो. म्हणून मिनी टॉगल लावला. सिरीजला जॅकवर ११.८ किलोओहम दाखवतो. आवाज खरंच जाडा आहे. पाचव्या-सहाव्या तारेवर पॉवर कॉर्ड धरला की आता तो एकसंध वाजतो, आणि बाराव्या पट्टीच्या वरचा लीड टोचत नाही. दोन अडचणी राहिल्या. सिरीज लावली की आवाज एकदम उसळतो. आणि क्लीनवर ती थोडी मंद, कांबळं पांघरल्यासारखी वाटते.

खर्ज

उसळतो ते चांगलंच आहे, तोच तुमचा लीडचा बूस्ट. ऱ्हिदमला व्हॉल्यूम ७ वर ठेवा, लीडला टॉगल टाका आणि १० वर न्या. मंदपणासाठी व्हॉल्यूम पॉट ५०० केचा टाकला तर सिरीज उजळेल. पण मग बाकीच्या जागाही जास्त तीक्ष्ण होतील. तुम्हाला क्लीन जपायचं आहे, तेव्हा मी तरी टाकणार नाही.

डाखकाम

पॉट बदलू नका, मीही तेच म्हणते. सिरीज फक्त ओव्हरड्राइव्हसोबतच वापरणार असाल तर तिथे हा मंदपणा उपयोगाचाच आहे. मधला पिकअप स्क्रूने एक-दोन फेरे खाली घेऊन बघा. ब्रिजचा चावरेपणा पुढे येईल आणि उसळीही थोडी बसेल. किरकिरीसाठी तांब्याची पट्टी लावायची असेल तर ती आत्ताच लावा, पुन्हा तारा काढाव्या लागणार नाहीत.

सहावी_तार

मधला दीड फेरा खाली घेतला. आता सिरीज आणि २ नंबर यांच्यात मला हवं तेवढंच अंतर आहे. पट्टीही लावून घेतली. शनिवारी पूर्ण बँडबरोबर तालीम आहे, ड्रमसोबत कसं बसतं ते तेव्हा कळेल, इथे लिहीनच.

कोणती वायर कुठून कुठे जाते याचं चित्र काढून ते पिकगार्डच्या आत चिकटवलं आहे, मधल्या पिकअपच्या वायरी उलट्या का जोडल्यात तेही लिहिलंय. पुढच्या वेळी ही गिटार ज्याच्या हातात उघडेल त्याला ते आधी दिसेल.