आवर्तसारणीतले कल: आधी बाण की आधी आकडे?

खडूफळा:
दहावीला आवर्तसारणी शिकवताना फळ्यावर दोन बाण काढायचे, 'डावीकडून उजवीकडे अणूचा आकार घटतो, वरून खाली वाढतो' एवढं सांगायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, ही पद्धत बंद व्हायला हवी. मीही बरीच वर्षं तेच केलं. मग एका चाचणीत विचारलं, सोडिअमपेक्षा मॅग्नेशिअमचा अणू लहान का? निम्म्या वर्गाचं उत्तर होतं, 'कारण तो उजवीकडे आहे.'

यंदा बाण काढलाच नाही. दुसऱ्या आवर्तातल्या (आडव्या ओळीतल्या) अणुत्रिज्या पिकोमीटरमध्ये लिहून दिल्या: लिथियम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. मुलांनी आलेख काढला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'इलेक्ट्रॉन वाढतायत, तर अणू लहान कसा होतो?' आता इलेक्ट्रॉनांचं बाहेरचं कवच तेच राहतं, केंद्रकावरचा धनप्रभार मात्र ३ वरून ८ वर जातो, हे ऐकायला वर्ग तयार होता.

पट_६८:
मॅडम, आमच्या वर्गाचा पट ६८ आहे. या भागाला दोन तासिका मिळतात, त्यातली एक आलेखातच जाईल. शिवाय कारण दिलं की गोंधळ वाढतो, हा माझा अनुभव. प्रभार वाढला की अणू आक्रसतो म्हणता? मग लिथियमवर ३ आणि सोडिअमवर ११, तरी सोडिअम १८६ पिकोमीटर कसा? हुशार मुलगा इथेच अडतो, बाकीचे कंटाळतात. बाण पाठ असला की निदान बोर्डाचे गुण हातात राहतात. ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

खडूफळा:
सर, तो मुलगा अडतो तिथेच खरा धडा आहे. केंद्रकाच्या प्रभारातून आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन वजा करायला लावा. लिथियम: ३ वजा २, उरला १. सोडिअम: ११ वजा १०, उरला १. ओढ ढोबळमानाने सारखीच, पण सोडिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, म्हणजे लांब. आता ऑक्सिजन: ८ वजा २, उरले ६, आणि कवच दुसरंच. एका वजाबाकीत दोन्ही बाण निघतात. हिशेब ढोबळ आहे, पण दहावीला पुरतो.

अकरावी_सायन्स:
मी बाण पाठ करूनच दहावी झाले. अकरावीत आयनीभवन ऊर्जेचे, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे आकडे पाहिले, नायट्रोजन १४०२ किलोज्यूल प्रति मोल आणि ऑक्सिजन १३१४. नियमाप्रमाणे उजवीकडे जाताना वाढायला हवी ती घटली. पण मला नियम तोंडपाठ होता म्हणूनच इथे काहीतरी वेगळं आहे हे लगेच दिसलं. त्यामुळे मॅडम, पाठांतर वाया जातं हे मला पटत नाही.

जुनी_प्रयोगवही:
दोघांनाही एक सुचवतो. कल म्हणजे अंदाज बांधायचं साधन, आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने ते तसंच वापरलं. गॅलिअमचा शोध १८७५ चा. त्याची घनता आधी ४.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर मोजली गेली. शेजारच्या मूलद्रव्यांवरून मेंडेलीव्हचा अंदाज ५.९ च्या आसपास होता, म्हणून त्याने पुन्हा मोजायला सांगितलं. शुद्ध नमुना घेऊन मोजलं तर आकडा ५.९ च आला!

वर्गात एकच आकडा झाका. एकाच उभ्या ओळीत वरून खाली लिथियम १५२, सोडिअम १८६, मग पोटॅशिअम झाकलेला, आणि रुबिडिअम २४४; पोटॅशिअम किती? मुलं सरासरी काढून २१५ म्हणतील. खरा आकडा २३१. जवळ, पण तोच नाही. आलेखकागद नको, पाच मिनिटं पुरतात, ६८ जणांनाही जमतं.

पट_६८:
झाकलेला आकडा सोमवारी एका तुकडीत करून बघतो. बाण मात्र त्याच तासिकेत फळ्यावर येणार, वहीत उतरवून घेणार आणि पाठही करून घेणार.

खडूफळा:
येऊ दे, सर. फक्त २३१ सांगून झाल्यावर काढा.