निरोगी मोठं झाड कापायला सांगितलं, तर झाडवाल्यानं नकार द्यावा का?

दोरवाला_पुणे
मे उजाडला की फोन सुरू होतात, "पावसाआधी झाड बोडकं करून द्या." मी छाटणीची कामं घेतो आणि माझं मत पक्कं आहे. निरोगी, जुनं झाड बोडकं करायचं किंवा पाडायचं काम जाणकारानं घेऊच नये. पैसे बुडाले तरी.

झाडावरची माया घटकाभर बाजूला ठेवा, नुसती सुरक्षा बघा. जाड फांदी मधूनच तोडली की उरलेल्या खुंटावर साल चढत नाही. पाणी मुरतं, बुरशी शिरते, आतून पोखरायला लागतं. खुंटाच्या कडेनं फुटव्यांचा झुबका सरळ वर धावतो. हे फुटवे सालीच्या लगेच खालून निघालेले असतात, जुन्या फांदीसारखे खोलवर रुतलेले नसतात. काही वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वळवाच्या वाऱ्यात सालीसकट सोलून खाली येतात. भीतीपोटी झाड बोडकं केलं आणि खरा धोका त्यानंतर तयार झाला.

फांदी काढायचीच तर तिच्या बुडाशी फुगीर गळा असतो, त्याला धक्का न लावता लगेच बाहेर काप घ्यायचा. आधी थोडं पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल ओढून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी. ही जखम झाड स्वतः बंद करतं. एका हंगामात पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू नये.

ग्राहकाला मी आधी विचारतो, त्रास नेमका कशाचा? बहुतेकदा गाडीवरची घाण, खिडकीतला अंधार, नाहीतर पन्हळीत साचणारा पाला. यासाठी झाड पाडावं लागत नाही.

सचिव_ठाणे
बोलणं सोपं आहे साहेब. उद्या फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर पोलीस मला बोलावणार, तुम्हाला नाही. २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी चालायला निघालेल्या बाईंवर नारळाचं झाड कोसळलं, त्यात त्या गेल्या. ते झाड पाडा म्हणून रहिवाशांनी आधीच मागणी केली होती आणि झाड ठीक असल्याचं सांगितलं गेलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आमच्या सोसायटीत लहान मुलं खेळतात. मला जोखीम नकोच.

कोयता
दोरवाले दादा, तुमचं नाव झालंय म्हणून तुम्हाला नकार परवडतो. माझ्याकडे रोजंदारीवर माणसं आहेत. मी नाही म्हटलं की तासाभरात दुसरा येतो, तो ना गळा बघतो ना बुंधा. त्यापेक्षा काम मी घ्यावं, ग्राहक म्हणतो त्याच्या निम्मं कापावं आणि झाड जगवावं. तुमच्या नकारानं किती झाडं वाचली सांगा.

पाखरू
गाडीवरच्या घाणीचा विषय निघालाच आहे. पर्जन्यवृक्षांवर बगळे आणि रातबगळे पावसाळ्याच्या सुमारास घरटी करतात आणि नेमकी तेव्हाच तक्रार येते. फांदी तोडली की पिल्लं खाली. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात रस्त्याच्या कामासाठी झाड पाडलं, तेव्हा पिल्लांचा खच पडला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घरट्यांनाही संरक्षण आहे. गाड्यांवर कापड घाला, घरटी रिकामी झाल्यावर छाटा. आणि कोयता, "निम्मं कापलं" याचा अर्थ पिल्लांना काय सांगणार?

कायदा_कट्टा
महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, खासगी आवारातल्या झाडालाही लागू. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. छाटणीची परवानगी काढून झाडाचा खांब करणं, ही त्यातली सर्रास पळवाट.

सचिव_ठाणे
त्याच अटीमुळे लोक सरळ मार्ग सोडतात, ताई. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ झाडं लावायला सोसायटीत जागा कुठे आहे? मग रात्रीतून कोणी बुंध्यात भोक पाडून ॲसिड ओततो.

दोरवाला_पुणे
सचिव साहेब, चेंबूरची घटना मी हलकी घेत नाही. धोक्याचं झाड मी पाडतो, परवानगीसकट, आणि ते पाडायलाच हवं. पण धोका पाहणीतून ठरतो. बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या, एका बाजूला भेगाळलेली माती, नव्यानं आलेला कल, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, हे बघा. तुमच्या आवारातले फरसबंदीचे ठोकळे बुंध्याला भिडलेत का तेही पाहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही. केबलच्या चरासाठी मुळं तोडायची आणि वरून शेंडा छाटायचा, हा उलटा उपचार झाला.

कोयता, निम्मं कापलेलं झाडही तेच कुजणारे खुंट घेऊन उभं राहतं. आणि खरं दुखणं तुम्हालाही माहीत आहे, "लाकूड ठेकेदाराचं." मजुरी कमी लावायची आणि जाड फांद्या वखारीला विकून भरून काढायची. मग विरळणीच्या कामातही हात जाड फांदीकडेच जातो. दरपत्रकात मजुरी पूर्ण लावा आणि लाकूड ग्राहकाचं, असं लिहा.

कोयता
लाकडाचं खरं आहे, नाकारत नाही. पण पूर्ण मजुरी लावली की सोसायटी स्वस्तातला माणूस बोलावते. आधी सचिवांना विचारा, देणार का जास्त?

सचिव_ठाणे
पाहणीचा लेखी अहवाल, सहीसकट, मिळत असेल तर सभेत विषय ठेवतो. तोंडी "झाड चांगलंय" यावर मी सही करणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना अंधार नको आहे, त्यांचं काय करायचं तेही अहवालात यायला हवं.

दोरवाला_पुणे
अहवाल देतो. काकांच्या खिडकीसमोरच्या बारीक फांद्या विरळ करता येतील, झाडाचा आकार न मोडता. पक्षी असतील तर घरटी रिकामी झाल्यावर.