दातांच्या झिजेवरून सांगाड्याचं वय सांगावं का?

घोडकाठ
सांगाड्याच्या दाढा किती झिजल्यात ते पाहून उत्खननाच्या अहवालात ‘पस्तिशीतला पुरुष’ असं बिनधास्त लिहून टाकतात. मला हे पटत नाही. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ब्रॉथवेलचा तक्ता ब्रिटनमधल्या नवाश्मयुग ते मध्ययुगातल्या कवट्यांवरून बनलाय. तो दख्खनला का लावायचा? दात वयाने झिजतो, तसा पिठातल्या कचीनेही झिजतो. आमच्याकडे जात्याला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने दगड टोचून खरबरीत केला, की पहिलं दळण गुरांना जायचं, नाहीतर भाकरी दाताखाली कचकचायची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) लोकांकडे तर फिरतं जातंही नव्हतं, दगडावर दगडाने धान्य रगडायचे. तिथल्या तिशीतल्या बाईला आपण सहज पन्नाशीची ठरवू.

शरयू
तक्ता परका आहे म्हणून पद्धतच टाकून द्यायची? माइल्स या दंततज्ज्ञाने 1963 मध्ये यावर तोड काढली. कायमची पहिली दाढ साधारण 6व्या वर्षी येते, दुसरी 12व्या, तिसरी 18च्या आसपास. म्हणजे 12 वर्षांच्या मुलाच्या पहिल्या दाढेवर 6 वर्षांची झीज. हे माप त्याच दफनभूमीतल्या मोठ्यांना लावायचं. कच असली तरी ती मुलांच्याही पोटात गेलेलीच की!

घोडकाठ
मान्य, पण त्याला 6 ते 18 वयाची मुलं लागतात. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक तान्ह्या लेकरांची. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेले. वाचताना जीव कळवळतो. या बाळांना कायमची दाढ आलीच नव्हती, मग माप कुठून आणणार?

दंतवैद्य_सातारा
वयाचा हट्ट सोडा, झिजेचा कोन बघा. मानवशास्त्रज्ञ हॉली स्मिथ यांनी 1984 मध्ये दाखवलं की शिकारी लोकांच्या दाढा सपाट झिजतात, शेतकऱ्यांच्या तिरप्या. दळलेलं, शिजवलेलं मऊ अन्न हे त्याचं कारण.

घोडकाठ
त्यातून आहार कळेल हो, वय नाही. शिवाय दातात धरून दोर वळणाऱ्याचे पुढचे दात वेगळेच झिजतात.

शरयू
दुधाच्या दाढा विसरलात. त्यांतली दुसरी अडीच वर्षांच्या आसपास येते. पाच वर्षांच्या लेकराच्या त्या दाढेवर अडीच वर्षांची झीज सापडेल, आणि ती इनामगावचीच असेल.

घोडकाठ
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण दुधाच्या दातावरचं कवच पातळ, ते लवकर झिजतं. तेवढी सूट धरून मोजा. आणि मग अहवालात ‘पस्तिशीतला’ नको, ‘25 ते 45’ लिहा.