मेमोरियल मॅच ठेवायची आहे, घरच्यांना त्रास न होता कशी करावी?

यष्टीमागचा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या क्लबचा विकेटकीपर, सगळे दादाच म्हणायचो त्याला, गेल्या सीझनला मॅच चालू असतानाच कोसळला आणि गेला. आता वहिनींनी स्वतःहून विचारलं की त्याच्या वाढदिवसाला एक मॅच ठेवाल का. त्यांचं म्हणणं एवढंच की मॅच साधी असू दे आणि त्याची किट बॅग घरात नुसती पडून आहे ती कुणीतरी वापरा. बॅग मी घेऊन आलोय, ग्लव्हजमध्ये इनर्स (आतले पातळ हातमोजे) तसेच, घामाने कडक झालेले, बॅटच्या हँडलला त्यानेच गुंडाळलेली टेप. ग्रुपवर विषय काढला आणि जो तो सुटलाच. एकाला मोठा बॅनर, प्रमुख पाहुणे, भाषणं पाहिजेत, दुसऱ्याला दादाच्या जर्सीचा ७ नंबर कायमचा रिटायर करायचाय, म्हणजे पुढे कुणालाच द्यायचा नाही, तिसऱ्याने तर वर्गणीचा मेसेज फॉरवर्डसुद्धा करून टाकला, वहिनींना न विचारता. आणि ज्या पोराने त्या दिवशी सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून वाचवायचा प्रयत्न केला, तो ग्रुप सोडून गेलाय, ग्राउंडकडे फिरकतच नाही. कुठून सुरुवात करू?

गल्ली पॉइंट:
वहिनींनी सांगितलंय की काय हवंय ते! साधी मॅच आणि बॅग वापरात. बाकी सगळं तुमच्या ग्रुपला हवंय. प्रमुख पाहुणे वगैरे तर आधी काढून टाका, माईक हातात आला की तो माणूस दादाला कधी भेटलेलाही नसतो आणि अर्धा तास बोलतो.

ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूज, त्याच्या वेळचं आठवतंय का? नोव्हेंबर २०१४, सिडनीत ६३ वर नाबाद असताना बाउन्सर मानेवर लागला आणि दोन दिवसांनी गेला. लोकांनी काय केलं तर घराबाहेर बॅट टेकवून ठेवली, बस. जगभर. पुढची टेस्ट अ‍ॅडलेडला आपल्याविरुद्ध होती, त्यात तो तेरावा खेळाडू म्हणून टीममध्ये, शर्टावर त्याचा टेस्ट कॅप नंबर ४०८, आणि ६३ सेकंद टाळ्या. त्याच्या टीममधल्या वॉर्नरने ६३ वर पोचल्यावर बॅट वर केली. हे सगळं त्याच्या खेळातूनच आलेलं होतं म्हणून ते लक्षात राहिलं. तुमच्या दादाचं असं काय होतं? अपील करायची पद्धत, एखादा ठरलेला ओव्हर, काहीही, ते शोधा.

पण एक बाजू लोक विसरतात. २०१६ मध्ये त्या मृत्यूची रीतसर चौकशी झाली तेव्हा मैदानात काय घडलं याबद्दल घरच्यांचे प्रश्न आणि खेळाडूंची उत्तरं जुळली नाहीत. म्हणजे अख्खं जग श्रद्धांजली वाहतं तरी घरच्यांच्या मनात काही वेगळंच राहिलेलं असू शकतं. वहिनींना त्या दिवसाबद्दल काही विचारायचं असेल तर मॅचच्या गडबडीत नाही, आधी निवांत भेटून बोला. आणि एकानेच बोला, दहा जणांचे फोन नकोत.

हिशोबनीस:
वर्गणीचा मेसेज आजच्या आज थांबवा आणि आधी वहिनींना विचारा की पैसे घ्यायचे आहेत का. कित्येकांना नको असतात, आणि गरज असली तरी जाहीर मागणं बोचतं. हो म्हणाल्या तर कशासाठी ते आधीच लिहून ठेवा, मुलीच्या शिक्षणाला, मॅचच्या खर्चाला की क्लबच्या किटला. तिन्ही एकत्र केलं की मेलात. कुणाच्याही पर्सनल अकाउंटवर नको, दोघांच्या सह्या लागतील असं बघा, आणि उरले तर कुठे जाणार हेही आधीच ठरवा.

वाटतं त्यापेक्षा हे किचकट आहे. कॅनडात २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोस या आइस हॉकी टीमच्या बसला अपघात होऊन १६ जण गेले, लोकांनी दीड कोटी डॉलरच्या वर जमवले, पण मेलेल्यांच्या घरच्यांना किती आणि वाचलेल्यांना किती हे शेवटी कोर्टाच्या मंजुरीने ठरलं. त्यापेक्षा १९९५ च्या टूर द फ्रान्स या सायकल रेसमधलं मला जास्त पटतं. फाबिओ कासार्तेली उतारावर पडून गेला, दुसऱ्या दिवशी कुणी रेस केलीच नाही, सगळे एकत्र सावकाश चालवत गेले, त्याच्या टीमला पुढे काढून लाइन ओलांडू दिली आणि त्या दिवसाची बक्षिसाची रक्कम गोळा करून त्याच्या घरच्यांना दिली. कुणापुढे हात पसरायला लागला नाही. तुमच्या मॅचलाही एंट्री फी ठेवून तेवढंच करता येईल.

बॅकफूट ताई:
मी दुसऱ्या बाजूची आहे. माझा भाऊ फुटबॉल खेळायचा, तो गेल्यावर त्याच्या टीमने पण मॅच ठेवली होती. बॅनरचं सांगते, एवढा मोठा फोटो गेटवरच दिसला आणि आईचे पायच उचलेनात. फोटो ठेवायचाच असेल तर कुठला आणि कुठे ते वहिनींना निवडू द्या, आणि त्या दिवशी कधी यायचं, कधी निघायचं, बोलायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा. निघायचं झालं तर गाडी तयार ठेवा, कुणी अडवू नका "अहो बक्षीस समारंभ राहिलाय" म्हणून.

आम्हाला खरा आधार वाटला तो वेगळ्याच गोष्टींचा. त्याचा एक मित्र यायचा आणि भाऊ मॅचमध्ये कसा चिडायचा, रेफ्रीशी कसा भांडायचा ते सांगायचा, आणि आई हसायची. बाकीचे सगळे त्याचं नावच टाळायचे, आम्हाला वाईट वाटेल म्हणून. अहो वाटलेलंच असतं ना.

७ नंबरची घाई करू नका. इटलीतल्या फिओरेन्टिना आणि काल्यारी दोन्ही फुटबॉल क्लबांनी त्यांचा गेलेला खेळाडू दावीदे आस्तोरी याचा १३ नंबर कायमचा बंद केला, ठीक आहे, मोठे क्लब आहेत. मिलान क्लबने निवृत्त झालेल्या माल्दिनीचा ३ बंद केला तो मात्र त्याची मुलं पहिल्या टीममध्ये आली तर त्यांना मिळेल असं म्हणून. दादाची मुलगी खेळते का? तिला विचारा.

थर्डमॅन:
सीपीआर दिलेल्या पोराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. त्याच्या डोक्यात एकच चाललं असणार की मी कमी पडलो. ह्यूजला तो बॉल टाकणारा शॉन अ‍ॅबट, त्याच्याभोवती सगळे उभे राहिले तेव्हा कुठे तो पुन्हा बोलिंग करू शकला, त्याच मैदानावर. तुमच्यापैकी जो त्याच्या जवळचा असेल त्याने घरी जा, मॅचचा विषयच काढू नका सुरुवातीला. वहिनी दोन शब्द बोलल्या त्याच्याशी तर त्याहून मोठं काही नाही, पण ते त्यांना झेपत असेल तरच.

आणि कुणीतरी "वेळीच उपचार मिळाले असते तर" छाप बॅनर लावेल, तो लावू देऊ नका. एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं) क्लबला घ्याच, शॉक मिळायला एकेक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत मैदानात कोसळलेला डेन्मार्कचा एरिक्सन सीपीआर आणि मशीनमुळेच वाचला. पण ट्रेनिंग मॅचच्या दिवशी नको, वेगळ्या रविवारी ठेवा. त्याच दिवशी ठेवलंत तर त्या पोराला आणि वहिनींनाही ते आरोपासारखं ऐकू येईल.

यष्टीमागचा:
खूप आभार सगळ्यांचे. वहिनींशी बोललो. पैसे नकोत म्हणाल्या, मेसेज मागे घेतला. पाहुणे, भाषणं कॅन्सल, फोटो त्यांनी निवडलाय, हेल्मेट काखेत आणि तोंड वाकडं करून अंपायरकडे बघतोय असा. त्या पोराकडे वहिनी स्वतःच जाऊन आल्या, काय बोलल्या ते मी विचारलं नाही, तो स्कोअरिंगला बसतो म्हणालाय. ७ नंबर मुलीला हवाय. बारा वर्षांची आहे, शेवटचे दोन ओव्हर कीपिंग पण करायचंय म्हणते, दादाच्याच ग्लव्हजने. लेदर बॉल ठेवू की टेनिस?

गल्ली पॉइंट:
नेहमी लेदरने प्रॅक्टिस करत असेल तर लेदर, स्पिनर लावा आणि हेल्मेटशिवाय उभी करू नका. ग्लव्हज आधी दोन-तीन दिवस घरी वापरू दे तिला, मोठे होणारच, आतून नवे इनर्स डबल घाला. जुने धुवायला टाकू नका, वहिनींना विचारा आधी.