फॅमिली ग्रुप: केतकीच्या ट्रेलरचे टायर

केतकी: सुहासदादा, तुला वेगळा मेसेज करणार होते, पण बाळकाकांचंही मत हवंय म्हणून इथेच विचारते. आम्ही घेतलेला सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) परवा डॅलसला घरी आला. २४ फुटी आहे, दोन अ‍ॅक्सल, चार चाकं. जूनमध्ये मुलांना घेऊन कोलोराडोला जायचंय, अ‍ॅमॅरिलो आणि रॅटनवरून. विकणारा म्हणाला टायर नवेच आहेत, नक्षी बघा. नक्षी खरंच पूर्ण आहे. मग टायरची काळजी नको ना?

सुहासदादा: नक्षी बघून ट्रेलरच्या टायरबद्दल काही ठरवू नकोस. कारचा टायर घासून संपतो. ट्रेलरचा टायर घासायच्या कितीतरी आधी वयाने, वजनाने आणि उष्णतेने जातो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोध, तिचे शेवटचे चार आकडे इथे टाक. चारही टायरचे. बाहेरच्या बाजूला पूर्ण ओळ दिसली नाही तर ती आतल्या बाजूला असते, टॉर्च घेऊन खाली शिरावं लागेल.

केतकी: तीन टायरवर ३११८ आहे. मागच्या उजव्या टायरवर ०९२१.

सुहासदादा: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे तीन टायर २०१८ च्या ३१व्या आठवड्यातले. सात वर्षं उलटून गेली. आणि चौथा २०२१ चा आहे, म्हणजे त्या जागेचा मूळ टायर मध्ये कधीतरी गेलेला आहे. तो गेला तेव्हा त्याच बाजूच्या पुढच्या चाकावर काही अंतर तरी दोघांचा भार आला असणार. तो पुढचा उजवा टायर वरून कितीही चांगला दिसो, मी त्याला एक मैलही चालवणार नाही.

बाळकाका: सुहास बरोबर सांगतोय. आमच्या वर्कशॉपलासुद्धा हाच नियम होता. जोडचाकातला एक फुटला की दुसरा उतरवून आतून बघायचा. आतले धागे तुटलेले असले तरी बाहेरून काही दिसत नाही.

मीनाआत्या: मला एक सांगा, ती गाडी वर्षातले बहुतेक दिवस दारात उभीच असणार ना? न चालवता टायर कसे खराब होतील?

सुहासदादा: आत्या, उभं राहिल्यानेच जास्त खराब होतात. रबरात ऊन आणि ओझोनपासून बचाव करणारी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या टायरमध्ये ती वर येत नाहीत आणि बाजूला बारीक भेगा पडतात. त्यात टेक्सासचं ऊन. म्हणून केतकी, नवे टायर बसले की चाकांवर टाकायची कव्हरं घे, पांढरी. आणि दुकानात मिळतात ती टायर चमकवायची तेलकट पॉलिशं अजिबात लावू नकोस, रबराला ती चांगली नाहीत.

अमेय: दादा, बाजूला बारीक भेगा आहेतच, आत्ता जवळून पाहिल्या. म्हणजे चारही बदलायचे. मग त्याच मापाचे आणि त्याच प्रकारचे घ्यायचे का? ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे स्टिकर आहे. एकूण कमाल वजन ७,६०० पौंड, प्रत्येक अ‍ॅक्सल ३,५०० पौंड, टायर एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी, थंड असताना हवेचा दाब ५० पीएसआय.

सुहासदादा: माप तेच. लोड रेंज, म्हणजे टायरची भार पेलायची श्रेणी, मात्र बदलायची. आता जरा निवांत वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, फक्त ट्रेलरसाठी बनवलेला टायर. तुमच्या मापात लोड रेंज सी चा एक टायर ५० पीएसआयला १,७६० पौंड पेलतो. चार मिळून ७,०४०. दोन अ‍ॅक्सल मिळून ७,०००. म्हणजे कारखान्याने शिल्लक ठेवली ४० पौंडांची. ट्रेलर पूर्ण भरला की त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ओढणाऱ्या ट्रकच्या हुकवर जातो. तो दहा टक्के धरला तरी चाकांवर ६,८४० उरतात. कागदावर बसतं हे. पण ७,०४० हा आकडा कधी खरा, तर चारही चाकांवर भार सारखा असेल, हवा अगदी पूर्ण असेल आणि टायर नवा असेल तेव्हा. या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून येत नाहीत.

अमेय: पण आम्ही ७,६०० पर्यंत भरणारच नाही. सामान कमीच असतं आमचं.

सुहासदादा: सगळ्यांना असंच वाटतं. अंदाज नको, वजन कर. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतील असं उभं राहायचं, वेगवेगळ्या वजनाची पावती मिळते. पण सहलीला निघताना भरता तसाच ट्रेलर भरून ने. भांडी, सायकली, पांघरुणं, गॅसच्या टाक्या, सगळं.

निखिल: दादा, एक शंका. एसटी टायरपेक्षा पिकअप ट्रकला लावतात ते एलटी टायर जास्त दणकट नाहीत का? तेच का नाही लावायचे?

सुहासदादा: १६ इंची चाकांच्या मोठ्या ट्रेलरना काही जण लावतात. पण जवळपासच्या मापात एलटी कमी भार पेलतो. १६ इंचीचं उदाहरण घे. एसटी २३५/८० ८० पीएसआयला ३,५२० पौंड पेलतो आणि एलटी २३५/८५ तेवढ्याच हवेला ३,०४२. दोन्ही लोड रेंज ई. शिवाय एसटीची बाजू मुद्दाम ताठ केलेली असते. दोन अ‍ॅक्सल जवळजवळ असले की अरुंद वळणावर चाकं फिरत नाहीत, आडवी फरफटतात. कॅम्पच्या जागेत ट्रेलर रिव्हर्स घेताना बाहेर उभं राहून बघ, टायर रिमखाली तिरका झालेला डोळ्यांना दिसतो.

बाळकाका: कंटेनरच्या लांब ट्रेलरचं घाटात हेच होतं. वळणावर मागची चाकं रस्त्यावर काळे पट्टे ओढत जातात. टायरच्या आतल्या पट्ट्याची पकड सुटायला सुरुवात तिथूनच होते. अमेय, जमेल तिथे वळण मोठं घेत जा.

*(दोन दिवसांनी)*

केतकी: वजन करून आलो. ट्रेलरच्या चाकांवर ६,४२० पौंड! आणि पाण्याची टाकी रिकामी होती. मला पाच साडेपाच हजार वाटलं होतं.

सुहासदादा: टाकी किती गॅलनची?

केतकी: ४०.

सुहासदादा: एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. म्हणजे आणखी साधारण ३३० पौंड, त्यातला बराचसा चाकांवरच येणार. ६,७५० धर. आता ट्रेलर डावा-उजवा विभागून बघ. एका बाजूच्या दोन टायरची क्षमता ३,५२०. अर्धं वजन ३,३७५. एका बाजूला शिल्लक राहिली १४५ पौंड. तुमचा स्लाइडआउट (बाहेर सरकणारा भाग), फ्रिज आणि किचन कुठे आहे?

अमेय: तिन्ही डावीकडे.

सुहासदादा: मग डावी बाजू आजच क्षमतेच्या वर असण्याची शक्यता खूप आहे. कॅट स्केल डावं-उजवं वेगळं दाखवत नाही, त्यामुळे पावतीवर हे येणार नाही.

लोड रेंज डी घ्या. याच मापात तो ६५ पीएसआयला २,०४० पौंड पेलतो. एका बाजूला ४,०८०, चार मिळून ८,१६०. तुमच्या वजनावर वीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते आणि मला इतकी हवीच असते. दोन गोष्टी मात्र तपासा. रिमच्या मागे तिचा कमाल भार आणि कमाल हवा कोरलेली असते. टायर आणि रिम यांत जो आकडा लहान तो तुमचा खरा आकडा. दुसरं, साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतात आणि टायर तापला की हवा त्याच्या वर जाते. दुकानदाराला धातूचे व्हॉल्व्ह बसवायला सांगा. किरकोळ खर्च आहे, पण सांगितल्याशिवाय बसवत नाहीत.

अमेय: रिमवर २,२०० पौंड आहे. हवाही पुरेशी आहे. ब्रँड कोणता घेऊ? इथे सगळे स्वस्त चिनी टायरना चायना बॉम्ब, चायना बॉम्ब म्हणून घाबरवतात.

सुहासदादा: मी गुडइयर एन्ड्युरन्स वापरतो. २०१७ मध्ये आले, अमेरिकेत बनतात, तुमच्या मापात लोड रेंज डी मध्येच मिळतात. कार्लाइल आणि मॅक्सिसचेही लोक वर्षानुवर्षं वापरतात. स्वस्तातला अनोळखी टायर मी घेणार नाही, पण सगळा दोष देशावर टाकणंही मला पटत नाही. कारखाना जेमतेम पेलेल असा टायर लावतो, घेणारा वरून सामान भरतो, हवा ४० वर आलेली असते आणि गाडी ताशी ७५ मैलांनी पळते. त्यात कुठलाही टायर तापून फुटेल.

वेगाचंही बघा. बाजूवर वेगाचं अक्षर नसलेला जुना एसटी टायर ताशी ६५ मैलांसाठीच समजायचा. नव्यांवर एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. पण टायर ८७ चा आहे म्हणून ट्रेलर ८० ने ओढायचा नसतो. मी ६२-६३ च्या वर जात नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ आहे. टेक्सासच्या मोकळ्या रस्त्यावर ७५ ची पाटी असते, मागून लोक चिडतात, त्यांना पुढे जाऊ द्या.

निखिल: इकडे समृद्धी महामार्गावर हाच प्रश्न झाला होता. रस्ता काँक्रीटचा, कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, विदर्भातला उन्हाळा आणि तासन् तास एकाच वेगात गाडी. २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तेव्हा सगळीकडे नायट्रोजन भरा म्हणत होते. दादा, तिकडे भरतात का?

सुहासदादा: भरतात काही जण. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायला हरकत नाही, पण नायट्रोजन भरला म्हणून हवा बघायचं सोडलं तर नुकसानच. रोज सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना, गेज लावून हवा बघायची. ऊन पडायच्या आधी. दर १० अंश फॅरनहाइटला हवा साधारण एक ते दीड पीएसआय वरखाली होते. डॅलसच्या दुपारी भरलेली हवा कोलोराडोच्या पहाटे कमी दिसेल, ती तिथे भरून घ्यायची. आणि वाटेत थांबल्यावर तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसली तर काढायची नाही. ती वाढणारच असते.

बाळकाका: निखिल, तुझ्या मेसेजमुळे आत्ता खाली जाऊन आपल्या गाडीचे टायर बघितले. चार आकडे आपल्याकडेही असतात. दोन टायर २०१६ चे निघाले. गाडी कमी चालते म्हणून नक्षी शाबूत आहे. उद्याच बदलतो. ग्रुपवरच्या सगळ्यांनी आज खाली जाऊन बघा, विशेषतः ज्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या असतात.

मीनाआत्या: हो, मीही सोसायटीतल्या मुलाला सांगून बघून घेते. केतकी, आणि समजा वाटेत फुटलाच तर तुम्हाला लगेच कळेल ना?

सुहासदादा: आत्या, नेमका हाच धोका. कारचं चाक बसलं की स्टिअरिंग ओढतं, लगेच कळतं. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचं एक चाक बसलं तर पुढे ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. शेजारचं चाक भार उचलतं आणि बसलेला टायर रस्त्यावर मळला जात, तापत, चिंध्या होत राहतो. आमच्या कॅम्पिंगच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या टायरचा पट्टा असा सुटला. त्याने चाकावरचा पत्रा फाडला, वायरिंग तोडलं, किचनच्या कपाटाचा तळ उखडला. मागून आलेल्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांना कळलं.

म्हणून अमेय, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा घेच. व्हॉल्व्हवर छोटे सेन्सर आटे फिरवून बसतात, समोरच्या स्क्रीनवर प्रत्येक चाकाची हवा आणि तापमान दिसतं. सिग्नल तुटत असेल तर मागे तो पुढे पोचवणारा रिपीटर लावायचा. चार टायरमधला एक इतरांपेक्षा जास्त तापायला लागला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून हात लावून बघ. टायर ठीक असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक असेल.

अमेय: बेअरिंगला ग्रीस कधी केलंय, कल्पना नाही.

सुहासदादा: मग चाकं उतरतील तेव्हाच करून घे. साधारण १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीला कधी लावायचा नाही, ती वाकते. चासीला, कंपनीने सांगितलेल्या जागी लावायचा. रस्त्यात एक चाक बदलायचं असेल तर त्याच बाजूचं चांगलं चाक लेव्हलिंगच्या ठोकळ्यांवर चढव, बसलेलं चाक बहुतेक वेळा आपोआप अधांतरी होतं. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले करून ठेवायचे.

केतकी: आम्ही चार डी मागवतोय, एन्ड्युरन्स. शनिवारी बसतील. बेअरिंग आणि व्हॉल्व्हचंही सांगितलं.

बाळकाका: स्टेपनी?

केतकी: ती मागे कव्हरमध्ये आहे, एकदाही वापरलेली नाही म्हणे.

सुहासदादा: आकडे बघ.

केतकी: २९१८. आणि सी.

सुहासदादा: मग पाच मागव. दुकानात बसवलेल्या टायरची तारीखही तिथेच बघ, गोदामात दोन-तीन वर्षं पडून असलेला देऊ लागले तर परत कर. नट टॉर्क रेंचने आवळून घे, किती ते ट्रेलरच्या पुस्तकात आहे. मग निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा आवळायचे. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट ढिले होतात, दुकानाने कितीही घट्ट केले तरी. रेंच ट्रकमध्ये हाताशी ठेव, ट्रेलरच्या तळाच्या कप्प्यात नको.

अमेय: पाच सांगितले. तारीख बघूनच घेतो.